फूल तिचं, फळ आपलं

फूल आणणं माणसाच्या हातात असतं आणि फळ देणं देवाच्या, असं मी आजवर इतक्या जणांना सांगितलं आहे की ते मागे घेताना थोडं अवघडल्यासारखं होतं. बागेबद्दल विचारायला येणाऱ्याला हे वाक्य पुरायचं. मोगऱ्याला कळ्या का धरत नाहीत, असं कुणी विचारलं की खत, पाणी, छाटणी यांवर मी तासभर बोलायचे. लिंबाची फुलं नुसतीच गळतात, असं कुणी म्हटलं की मात्र हात जोडून वर बघायचे. पाठीशी गीतेचा आधार होताच, त्यामुळे वाद घालायला कुणी धजावत नसे.

आज माझं मत नेमकं उलटं झालं आहे. फूल हे वेलीचं स्वतःचं काम. आपण फार लुडबुड केली नाही तर ती ते नीट पार पाडते. फळ मात्र जमवून आणावं लागतं, आणि त्या जमवण्यात माणसाचा वाटा बराच मोठा असतो. सगळ्या झाडांबद्दल मी हे म्हणणार नाही. पण माझ्या गच्चीवरच्या पॅशनफ्रूटच्या वेलीनं मला इथवर आणलं आहे.

ही वेल म्हणजे आपल्या कृष्णकमळाची सख्खी बहीण. पॅसिफ्लोरा या प्रजातीत पाचशेच्या वर जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक अमेरिका खंडातल्या. खायच्या फळाची ही जात मूळची दक्षिण ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना या भागातली. आपल्या देशात ती निलगिरी, कोडगू, वायनाडच्या डोंगरांत आणि पूर्वेकडे मणिपूर, नागालँड, मिझोरममध्ये चांगली रुळली आहे. जांभळ्या फळाची जात थंड हवेची, पिवळ्या फळाची उबदार हवेची. या दोघींचा संकर कोडगूतल्या चेट्टळ्ळीच्या फलोत्पादन संशोधन केंद्रात झाला. त्याचं नाव ‘कावेरी’. पुण्यात मात्र वेल कुठली हे फारसं कुणी विचारत नाही. फूल दिसलं की ‘अगं, हे तर कौरव-पांडव!’ म्हणून लोक हरखतात, आणि वेल फाटकावर चढते.

माझं जुनं मत कुठून आलं, हे सांगायला हवं, कारण ते मी पुस्तकातून उचललेलं नव्हतं. माझं माहेर वरूडकडचं, संत्र्याच्या बागांतलं. तिथे बहार आणावा लागतो. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात बाबा पाणी तोडायचे. पानं मलूल व्हायची, बाग बघवत नसे, आणि आम्हा मुलींना वाटायचं, बाबा झाडांना उपाशी ठेवतात. मग ताण पुरेसा बसला असं त्यांना वाटलं की आळी भरून पाणी सुटायचं आणि थोड्याच दिवसांत अख्खा मळा वासानं भरून जायचा. फूल हे असं माणसानं हिशेबानं काढलेलं. पुढे मात्र काहीच आपल्या हातात नसे. कोळशी यायची, डिंक्या लागायचा, फळगळ व्हायची, आणि सगळं निभावलं तर ऐन वेळी गारपीट. व्यापाऱ्याची गाडी बांधावर येईपर्यंत बाबा फळाला फळ म्हणत नसत. अशा घरात वाढलेल्या मुलीनं फूल कष्टाचं आणि फळ नशिबाचं म्हणावं, यात नवल नव्हतं. संत्र्यापुरतं ते आजही बरंचसं खरं आहे.

हीच शहाणपणाची शिदोरी घेऊन मी पॅशनफ्रूटच्या वेलीकडे गेले. आधी खाऊ घातलं. शेणखत, गांडूळखत, वर शेंगदाणा पेंडीचं आंबवलेलं पाणी. वेल अशी माजली की पाण्याची टाकी दिसेनाशी झाली. पानं तळहातापेक्षा मोठी, काळपट हिरवी, आणि फुलाचा पत्ता नाही. मग मी माहेरचं अस्त्र काढलं आणि पाणी तोडलं. वेल सुकली, खालची पानं पिवळी पडली. पाणी परत सोडल्यावर पुन्हा पानंच आली.

कृषी विद्यापीठात शिकणारा माझा भाचा सुट्टीला आला होता. मी त्याला वेल दाखवून माझे उपाय सांगितले. तो म्हणाला, “मावशी, ही संत्र्यासारखी नाही. हिला घाबरवून फुलं येत नाहीत.” मग त्यानं एक नवा फुटवा हातात धरून दाखवला. या वेलीचं फूल येतं ते कोवळ्या, याच हंगामात फुटलेल्या फांदीवर, पानाच्या बगलेत. पेराला एक पान, एक तणावा, आणि सगळं मनासारखं असेल तर एक कळी. म्हणजे वाढ चालू असेल तरच कळी. ताण दिला की वाढ थांबते आणि वाढीबरोबर कळीही थांबते. उलट नत्र जास्त झालं की वेल पानांतच रमते. संत्र्याच्या बागेतलं गणित इथे चालणारच नव्हतं.

त्यानंतर मी हात आखडता घेतला. पेंडीचं पाणी बंद केलं. पाणी रोज, बेताचं आणि न चुकता. मुळांना जागा मिळावी म्हणून कुंडीऐवजी मोठा ड्रम. टाकीच्या सावलीतून वेल काढून दिवसाचे निदान सहा तास ऊन मिळेल अशा बाजूला मांडवावर नेली. जुन्या, लाकडासारख्या झालेल्या फांद्या थोड्या कापल्या, म्हणजे नवे फुटवे सुटतील. बाकीचं तिच्यावर सोडलं. थंडीत तिनं फारसं काही दाखवलं नाही, आणि त्यालाही कारण होतं. पिवळ्या जातीला फुलण्यासाठी साधारण अकरा तासांहून मोठा दिवस लागतो आणि पुण्यातला डिसेंबरअखेरचा दिवस जेमतेम तेवढाच असतो. दिवस लांबले तशा बगलेबगलेत कळ्या दिसू लागल्या. मी काही ‘केलं’ म्हणून त्या आल्या नव्हत्या. करायचं थांबवलं, तेव्हा आल्या. माझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग तिथे निखळला.

दुसऱ्या अर्ध्या भागाला मी बराच काळ चिकटून राहिले, कारण फुलं भरभरून येऊनही फळ एकही धरत नव्हतं. फूल दुपारी उमलायचं, रात्री मिटायचं, आणि दोन-तीन दिवसांत देठासकट खाली. मला हे मनातून पटत होतं. फूल आलं, फळ नाही, देवाची मर्जी. आमच्या सोसायटीत सगळीकडे हेच चाललं होतं, म्हणून तर खात्री आणखी पक्की होती. तळमजल्यावरच्या काकूंच्या ग्रिलवर, मागच्या इमारतीच्या फाटकावर, वॉचमनच्या खोलीवर, जिथे पाहावं तिथे वेल आणि फुलं, आणि फळ कुठेच नाही.

या सगळ्या वेली माझ्याकडूनच गेलेल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्यांऐवजी मी वेलीची कलमं लुटली होती, पिशवीत मुळं धरलेली, वर तिळगुळाची पुडी. वाण म्हणून सगळ्यांना फार आवडलं होतं.

हे मी कौतुकानं सांगत होते, आणि भाचा हसायला लागला. “मावशी, म्हणजे सोसायटीभर एकच वेल आहे.” कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, नवं झाड नव्हेच. काकूंची, फाटकावरची आणि माझी, सगळ्या मिळून एकच जीव. पिवळ्या पॅशनफ्रूटला स्वतःचा पराग चालत नाही. तो पडला तरी स्त्रीकेसर त्याला रुजू देत नाही. दुसऱ्या, वेगळ्या रक्ताच्या वेलीचा पराग लागतो. एका फळातल्या बियांपासून वाढलेल्या भावंडांचंही कधीकधी आपसात जुळत नाही. जांभळी जात इतकी सोवळी नाही, तिचं स्वतःच्या परागावरही बहुधा भागतं. पण माझी वेल पिवळीच, हे त्यानं फळ न बघताच ओळखलं. जांभळीची फुलं पहाटे उमलतात, पिवळीची दुपारी.

मला जे दैव वाटत होतं त्याचं कारण असं माझ्याच हातून सोसायटीभर वाटलं गेलं होतं, आणि त्यात कुणाचा राग ओढवून घेण्यासारखंही काही नव्हतं. फक्त ‘देवाची मर्जी’ म्हणणं तिथून पुढे मला जड जाऊ लागलं.

तेव्हापासून मी ते फूल वेगळ्या नजरेनं बघायला लागले. लहानपणी आजीनं दाखवलेलं आठवत होतं. बाहेर झालरीसारखे पसरलेले शंभर तंतू म्हणजे कौरव, त्यांच्यावर पाच पांडव, मध्ये द्रौपदी, आणि वर तीन म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या ख्रिस्ती लेखकांनी याच फुलात काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे पाहिले. दोन्हीकडच्या भाविकांनी ते बघितलं दर्शनासाठी. फळासाठी बघायचं तर पांडव म्हणजे पाच परागकोश, द्रौपदी म्हणजे अंडाशय, जिचं पुढे फळ होतं, आणि वरचे तीन देव म्हणजे स्त्रीकेसराची तीन टोकं. फूल उमलतं तेव्हा ही टोकं वर आकाशाकडे रोखलेली असतात. तासाभरात ती हळूहळू वाकून परागकोशांच्या पातळीला येतात. काही फुलांत ती वाकतच नाहीत, आणि अशा फुलाला फळ धरत नाही.

वाकल्यावरही काम पुरं होत नाही. या वेलीचा पराग जड आणि चिकट. वाऱ्यानं उडत नाही. आपल्या मधमाश्या लहान पडतात. त्या खालून येतात, पराग गोळा करतात आणि वरच्या टोकांना शिवतही नाहीत. फळाच्या दृष्टीनं पाहिलं तर त्या नुसत्या चोर. इथे हवा मोठा काळा भुंगा. तो झालरीवर उतरतो, तळाच्या रसासाठी फुलाभोवती गोल फिरतो, आणि फिरताना त्याची पाठ परागकोशांना आणि वाकलेल्या टोकांना घासते. फुलाची सगळी मापं त्याच्या अंगाला बेतलेली वाटतात. ब्राझीलमध्ये हे काम तिथले भुंगे करतात, इथे त्यांचे इथलेच भाऊबंद करतात. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात, कोरडं लाकूड कोरणारा भुंगा कमळाच्या कोवळ्या कळीत अडकतो, असा दृष्टांत आहे. लाकूड कोरणारा तोच हा.

पण माझ्या गच्चीवर भुंगा क्वचितच फिरकायचा, आणि दुसरी वेल जवळपास नव्हती. भाच्यानं उपाय सांगितला, आपणच पराग लावायचा. याला माझा विरोध होता, आणि तो नुसता आळसाचा नव्हता. मला ती ढवळाढवळ वाटे. बाग ही निसर्गावर सोडायची गोष्ट. फुलाच्या पोटात बोट घालून फळ काढणं मला प्रयोगशाळेतलं, थोडं निलाजरंही वाटे. हे मी त्याला बोलूनही दाखवलं.

तो वाद घालत बसला नाही. त्यानं एवढंच विचारलं, “आजी दुधीला काय करायची?” आई संध्याकाळी कंदील घेऊन परसात जायची. दुधीचं फूल संध्याकाळीच उमलतं. ती नराचं फूल तोडायची, पाकळ्या मागे सारायची आणि मादीच्या फुलावर हलकेच टेकवायची. मला ते माहीत होतं, पण ते ‘बागकाम’ म्हणून कधी माझ्या मोजदादीतच नव्हतं. पुढे त्याच्याशी बोलताना आणखी उदाहरणं निघाली. खजुराला माणूस हजारो वर्षं हातानं पराग लावत आला आहे. व्हॅनिलाची वेल मेक्सिकोतून बाहेर गेली तेव्हा ती फुलायची, पण फळायची नाही. 1841 मध्ये रेयुनियन बेटावर एडमंड नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं काडी आणि अंगठा वापरून पराग लावण्याची सोपी युक्ती काढली, आणि आजही जगभर व्हॅनिला जवळजवळ त्याच पद्धतीनं फळते. या उदाहरणांनी मला एक गोष्ट पटली. वेल तिच्या मुलखातून उचलून आपण गच्चीवर आणली. तिचे सोबती तिकडेच राहिले. मग ती उणीव भरून काढणं ही ढवळाढवळ नव्हे. वेल आणली तेव्हा ढवळाढवळ होऊन गेली होती; हे तर त्यानंतरचं कर्तव्य.

दुसरी वेल सिंहगड रस्त्यावर एका मैत्रिणीकडे सापडली. वायनाडहून आणलेल्या फळाच्या बीपासून वाढलेली, म्हणजे माझ्या वेलीशी नातं नसलेली. अडचण एकच होती. ही फुलं दुपारी बाराच्या सुमारास उमलतात आणि त्यांचं काम चालतं ते साधारण एक ते चार. पुण्यात या वेळेचं पावित्र्य काय असतं, हे मी वेगळं सांगायला नको. भर उन्हात मांडीवर डबा, डब्यात ओल्या रुमालावर नुकतीच उमललेली फुलं, आणि रिक्षावाल्याचा प्रश्न, “देवाला का?” मी हो म्हणून टाकायचे.

गच्चीवर आल्यावर काम सोपं होतं. एका फुलाचे परागकोश दुसऱ्या वेलीच्या फुलाच्या तिन्ही टोकांवर हलकेच घासायचे, टोकं पिवळी दिसेपर्यंत. हात राखून करायचं नाही, कारण फळातल्या प्रत्येक रसाच्या पिशवीत एक बी असते आणि प्रत्येक बीला परागाचा एक कण लागलेला असतो. पराग कमी पडला तर फळ धरतं, पण आत पोकळ निघतं. पाऊस येणार असेल तर त्या दिवशी कष्ट घेण्यात अर्थ नाही. पराग भिजला की फुटून जातो, त्याला निदान दीड-दोन तास कोरडे मिळायला हवेत. हे जमलं की काही दिवसांतच द्रौपदी फुगायला लागते. साधारण दोन ते अडीच महिन्यांनी फळ पिकतं आणि आपणहून खाली पडतं. ते तोडायचं नसतं. साल थोडी सुरकुतली की चव आणखी खुलते.

माझ्या घरात आता फळ येतं. आंबट-गोड, वासानं घर भरणारं, साखर घालून सरबताला उत्तम. आणि ते खाताना ‘देवाच्या कृपेनं’ हे शब्द पूर्वीसारखे सहज येत नाहीत. देव नाही असं मला म्हणायचं नाही. पण गीतेचा आधार मी बराच काळ माझ्या सोयीसाठी घेत होते, असं मला आता वाटतं. फळावर हक्क सांगू नये हे ठीक. फळासाठी काय लागतं याची चौकशीसुद्धा करू नये, असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही.

या मतबदलाचे काही जोडपरिणामही झाले. सोसायटीच्या बाकांना आणि मांडवाच्या लाकडाला भुंग्यांनी भोकं पाडली होती. ती बुजवून औषध मारायचा ठराव आला तेव्हा मी विरोधात बोलले. एरवी अशा ठरावाला पहिलं अनुमोदन माझं असायचं. भुंगा सहसा माणसाच्या वाटेला जात नाही. त्याला घर करायला वाळका बांबू किंवा शेवग्याचा मेलेला ओंडका कोपऱ्यात ठेवला की बाकाचा नाद तो बराचसा सोडतो. ब्राझीलमधले बागायतदार बागेत त्याच्यासाठी मुद्दाम लाकडं ठेवतात. ठराव शेवटी पुढे ढकलला गेला, जे आमच्या सोसायटीत विरोध मान्य होण्यासारखंच आहे. वेलीवर टॉनी कोस्टर फुलपाखराच्या काटेरी अळ्या येतात, त्यांनाही मी आता सरसकट मारत नाही. पानाच्या देठावरच्या गोड ग्रंथींसाठी मुंग्या येतात आणि त्या बऱ्याच अळ्या स्वतःच आवरतात.

एक सांगून ठेवायला हवं. शोभेच्या सगळ्याच कृष्णकमळांमागे फळासाठी लागू नये. त्यातल्या अनेक जाती संकरित असतात, काहींना फळच धरत नाही, आणि ज्यांना धरतं त्यांचं कच्चं फळ खाण्याजोगं नसतं. सायनाइड तयार करणारी द्रव्यं अनेक जातींच्या पानांत आणि कच्च्या फळांत असतात. ज्यांना फूलच हवं आहे त्यांनी फूलच बघावं. वेल काही फळासाठी रडत नाही. फळ हवं असेल त्यांना मात्र आता मी वर बघून हात जोडत नाही. वेल कुठून आणलीत, फूल किती वाजता उमलतं, जवळ दुसरी वेल कुणाची आहे, एवढं विचारते. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प होतात, आणि मग शेजाऱ्याच्या दारात जातात. पुण्यात एरवी हे घडायला गणपतीची वर्गणी लागते.

वाणाचं मी सोडलेलं नाही. फक्त कलमं देणं थांबवलं आहे. ताज्या फळाचा गर धुऊन बिया लावते, तीन-चार आठवड्यांत त्या रुजतात, आणि प्रत्येक पिशवीवर कुठल्या वेलीचं फळ ते लिहून ठेवते. एकाच इमारतीत एकाच फळाची भावंडं जाणार नाहीत, एवढं बघते. बीची वेल आईसारखी निघेलच असं नाही. एखादीचं फळ फारच आंबट लागेल, एखादी वर्ष-दोन वर्षं नुसती पानंच दाखवेल. मागच्या इमारतीतल्या एका वहिनींनी जिन्यात गाठून मला तसं सुनावलंही. पूर्वी अशी तक्रार देवाकडे जायची. आता ती माझ्याकडे येते, आणि मी ती ऐकून घेते.